तापलेल्या इंजिनाची चौकशी

वैशाखात रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरच्या बाजाराकडे निघालेली पिकअप साखरप्यापर्यंत निर्वेध येते; परंतु आंबा घाट चढताना, पूर्ण भाराने आणि खालच्या गिअरमध्ये रखडणाऱ्या इंजिनात उष्णता अमाप निर्माण होत असता समोरचा वारा मात्र अत्यल्प मिळत असल्यामुळे, एरवी दडून राहिलेला दोष तापमानाच्या काट्यावर उमटतो.

जाणता मिस्त्री अशा वेळी पान्याला हात लावण्यापूर्वी चालकाची जबानी घेतो, कारण गाडी तापते एवढ्या फिर्यादीवरून काहीच शाबीत होत नाही. उभ्या गाडीत काटा चढून रस्त्याला लागताच उतरत असेल, तर पंख्याचा पट्टा सैल आहे किंवा त्याच्या क्लचमधले सिलिकॉन तेल गळले आहे. वेगात किंवा चढावर तापत असेल, तर बोअरच्या पाण्यातील क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून दाटल्या असण्याचा संभव अधिक. आणि गळतीचा मागमूस नसताना पाणी घटत असून भरल्या रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट उडाल्याची शंका घ्यावी. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले, तर ती शंका बळावते.

वरचा होजपाइप पोळतो आणि खालचा थंडगार लागतो, तेव्हा संशय थर्मोस्टॅटवर जातो. त्याची परीक्षा पातेलेभर पाण्यात होते: पाणी तापवत नेले की पितळी कुपीतले मेण वितळून फुगते, दांडा रेटला जातो, आणि पुष्कळ इंजिनांत 82 अंशांच्या सुमारास झडप उघडू लागते. ती उघडली नाही तर नवी बसवावी, हे उघड असूनही कित्येक मिस्त्री तिला कायमची बरखास्त करून गाडी चालकाच्या हवाली करतात. काटा खाली राहतो, चालक संतुष्ट होतो. पण नेहमी अर्धवट थंड चालणारे इंजिन डिझेल अधिक पिते आणि लवकर झिजते. या हिकमतीला दुरुस्ती म्हणण्यास मी तयार नाही.

सर्वांत दुर्लक्षित इसम म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्याच्या स्प्रिंगने 0.9 बार जादा दाब धरला, तर साधे पाणीदेखील 118 अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग थकली की तेच पाणी घाटात खदखदून बाहेर पडते, आणि झाकण बदलण्याऐवजी वॉटर पंप उतरवला जातो. मात्र इंजिन निवण्यापूर्वी या झाकणाला हात लावणाऱ्याचा हात भाजल्याशिवाय राहत नाही.

इंजिन फार तापले असेल, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते. सरळपट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी आणि मर्यादेबाहेर असल्यास नवी गॅस्केट घालण्याआधी हेडला फेस मारून घ्यावा. सरतेशेवटी थंड इंजिनात कूलंट भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवून, झाकण उघडे असतानाच इंजिन संथ चालू द्यावे. थर्मोस्टॅट उघडताच अडकलेली हवा निघून पातळी खाली जाते, तेवढी भर घालावी, आणि खालचा पाइप कोमट लागला की झाकण घट्ट लावावे.