‘तब्येत सुधारली की!’ हे कौतुक की टोमणा? वजनावरून हिणवणं मोजणारे प्रश्न मराठीत आणणं इतकं अवघड का आहे

“काय, तब्येत सुधारली की!”

दिवाळीला गावाकडं गेलेल्या पोरापोरींना हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आजी म्हणाली तर ते कौतुक असतं. पारावरचा मित्र म्हणाला तर टोमणा. आणि बघायला आलेले पाहुणे म्हणाले, तर पुढचा फोन येणार नाही हे घरच्यांना तिथंच कळतं. आता समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात फॉर्म वाटला आणि विचारलं, “गेल्या काही महिन्यांत तुमच्या वजनावरून कुणी तुम्हाला हिणवलं का?” तर ‘तब्येत सुधारली’ हे वाक्य ऐकलेली मुलगी ‘हो’वर टिक करेल की ‘नाही’वर?

इथूनच सगळा घोळ सुरू होतो. बाहेरच्या देशात तयार झालेली प्रश्नावली मराठीत आणणं म्हणजे नुसतं भाषांतर नाही. मराठीतले प्रश्न तीच गोष्ट मोजतायत का, हे तपासावं लागतं. संशोधक याला प्रमाणीकरण म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण यात चूक झाली तर पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात.

आधी हे मोजायचंच कशाला, ते बघू. २०२० साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात जगभरातल्या तज्ज्ञांचं एक संयुक्त निवेदन आलं. लठ्ठपणा म्हणजे आळस किंवा हावरटपणा हा समज विज्ञानाला धरून नाही आणि या समजातून होणाऱ्या हेटाळणीनं आरोग्याचंही नुकसान होतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. सतत हिणवलं गेलेलं माणूस व्यायामाला लागतं, असं आपल्याकडं अनेकांना मनापासून वाटतं. अभ्यास उलटं सांगतात. असं माणूस मैदान टाळतं, दवाखाना टाळतं, कधी चोरून जास्त खातं, आणि नैराश्याचा धोकाही वाढतो. २०२१ मध्ये सहा श्रीमंत देशांतल्या सुमारे १४ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमात सहभागी झालेले लोक होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना वजनावरून हिणवलं गेलं होतं, आणि हिणवणाऱ्यांत सगळ्यात पुढं होती घरचीच माणसं.

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार साधारण २३ टक्के महिला आणि जवळपास २५ टक्के पुरुष जास्त वजनाच्या गटात होते. त्याच सर्वेक्षणात सुमारे २१ टक्के महिला आणि १६ टक्के पुरुष कमी वजनाचे निघाले. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन्ही टोकं बसलेली असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शब्दकोश इथं कामाला येत नाही

या विषयात जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली जेसन लिलिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली. तिच्यात १२ विधानं आहेत. सहा विधानं स्वतःच स्वतःला कमी लेखण्याबद्दल आणि सहा लोक आपल्याला कसं वागवतील या भीतीबद्दल. १२ विधानं मराठीत आणायला चांगल्या भाषांतरकाराला किती वेळ लागेल? एक दुपार.

मग पद्धत अशी, की दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्ही ताडून एक मसुदा बनवायचा आणि मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेल्या माणसाकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा. या उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या लेखामुळं रूढ झाली. मूळ इंग्रजी आणि परत आलेलं इंग्रजी जुळलं की सगळे खूश होतात.

पण खरी फसगत इथंच असते. ‘वजनामुळे मला अपराधी वाटतं’ हे वाक्य घ्या. उलट भाषांतरात ते शंभर टक्के जुळेल. पण गेवराईच्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या बोलण्यात ‘अपराधी’ हा शब्द येतो तो पोलीस ठाण्याच्या बातमीत. स्वतःच्या पोटाबद्दल बोलताना तो म्हणेल, ‘माझीच चूक आहे असं वाटतं.’ पहिलं वाक्य शुद्ध आहे, दुसरं त्याच्या तोंडचं. उलट भाषांतर दोन्ही वाक्यं पास करतं, कारण ते करणारा माणूस शिकलेला असतो आणि त्याला ‘अपराधी’ नीट कळतं.

दुसरा शब्द म्हणजे ‘स्टिग्मा’. शब्दकोश सांगतो ‘कलंक’. पण कलंक म्हटलं की मराठी माणसाला घराण्याची बेअब्रू आठवते, वर्गात मारलेली ‘ढोल्या’ अशी हाक आठवत नाही. ‘लठ्ठ’ म्हणावं तर ती जवळजवळ शिवी (पगार लठ्ठ असला तर मात्र चालतो). ‘स्थूल’ हा शब्द फक्त डॉक्टर आणि जाहिराती वापरतात. ‘जाड’ त्यातल्या त्यात बरा. आणि खुद्द ‘वजन’ या शब्दाचे मराठीत किती खेळ आहेत ते सांगायला नको. पुढाऱ्याचं तालुक्यात वजन असतं आणि फाईल हलायलाही वजन लागतं.

म्हणून तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. मसुदा घेऊन तरुणांसमोर बसायचं आणि एकेका वाक्यावर विचारायचं, ‘यातून तुला काय समजलं? तुझ्या शब्दांत सांग.’ २००० साली डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या मार्गदर्शक पायऱ्यांमध्ये अशा चाचणीसाठी ३० ते ४० जण सुचवले आहेत. ही पायरी कंटाळवाणी असते, वेळ खाते, आणि घाईच्या प्रबंधात पहिला काट हिलाच बसतो.

हिणवणं मोजताना लोकांच्या शब्दांपासून सुरुवात करायची, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मिचेल वाइस आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाबद्दलची एक मुलाखत-पद्धत मुंबईतल्या रुग्णांसोबत काम करत उभी केली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात आजाराला लोक स्वतः काय म्हणतात, कशाला घाबरतात, कुणापासून लपवतात हे आधी ऐकलं गेलं. पुढं ही पद्धत अनेक देशांत वापरली गेली.

काडीपहिलवानाचं काय करायचं?

आता तो मघाचा आकडा. वजनाबद्दलची आणखी एक प्रसिद्ध प्रश्नावली २००८ ची, डर्सो आणि लॅटनर यांची. ती फक्त जास्त वजनाच्या लोकांसाठी होती. २०१४ मध्ये पर्ल आणि पुल यांनी तिच्यात बदल करून ‘मी जाड असल्यामुळे’ऐवजी ‘माझ्या वजनामुळे’ असा शब्दप्रयोग केला, म्हणजे कुणालाही ती भरता यावी. कल्पना चांगली आहे. पण बीडमध्ये ती भरणाऱ्यांत ‘काडीपहिलवान’ म्हणून चिडवला जाणारा पोरगाही असेल. ‘हिच्या अंगावर मांसच नाही, बाळंतपण कसं झेपणार’ हे ऐकणारी मुलगीही असेल. दोघंही ‘माझ्या वजनामुळे लोक मला कमी लेखतात’वर ठामपणे ‘हो’ म्हणतील. जाड मुलीचे आणि हडकुळ्या मुलाचे गुण सारखेच येतील, पण दोघांचं दुखणं उलट्या टोकांचं असेल.

यावर उपाय म्हणजे उंची आणि वजन घेऊन बीएमआयनुसार गट पाडायचे आणि प्रश्नावली सगळ्या गटांत सारखी चालते का, ते गणितानं तपासायचं. त्यातही खोच आहेच. सर्वेक्षणात जास्त वजनाची रेषा २५ बीएमआयला असते, तर भारतीयांसाठी तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती २३ ला सुचवली. रेषा बदलली की गट बदलतो. आणि हो, वजनकाटा वर्गासमोर मांडून एकेकाला बोलावलं, तर ज्याचा अभ्यास करायचा तेच आपण करून ठेवलं म्हणायचं.

आकडे चांगले आले म्हणजे झालं का?

मसुदा पक्का झाला की मोठा गट लागतो. एका विधानामागं किमान १० माणसं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे १२ विधानांना निदान १२०, आणि ३०० मिळाली तर उत्तम. मग बघायचं, की मूळ प्रश्नावलीसारखेच दोन गठ्ठे पडतात का. बीडमध्ये ‘मी स्वतःला कमी लेखतो’ आणि ‘लोक मला कमी लेखतील’ हे एकाच गठ्ठ्यात गेले, तर मूळची दोन भागांतली बेरीज इथं वापरता येत नाही.

विधानं एकमेकांशी जुळतात का, यासाठी क्रॉनबाख यांचा १९५१ चा ‘अल्फा’ वापरतात. ०.७० च्या वर आला की गाडी पास. पण वर्गशिक्षक डोक्यावर उभे असतील आणि पोरांनी सरसकट एकच रकाना भरला असेल, तरी अल्फा झकास येतो! असे फॉर्म पकडायला काही प्रश्नावल्यांत एखादं उलटं विधान घालतात. २००८ च्या प्रश्नावलीतलं ‘मीही इतरांइतकाच सक्षम आहे’ अशा अर्थाचं पहिलं विधान तसंच आहे. मात्र काही अभ्यासांत ते बाकीच्यांशी जुळलंच नाही आणि काढून टाकावं लागलं.

राहिला प्रश्न, फॉर्म भरतं कोण? सोय म्हणून संशोधन कॉलेजात होतं. पण याच सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के महिलांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. यातल्या कितीतरी जणी कॉलेजच्या यादीत सापडणार नाहीत. त्यांना वजनावरून बोलणारी माणसं सासरची असतात आणि त्यांचा फॉर्म भरताना कदाचित सासूच शेजारी बसलेली असते. ‘हॉटेलात किंवा दुकानात तुम्हाला वाईट वागणूक मिळाली का’ छापाचा प्रश्न त्यांच्यासाठी निरर्थक आहे. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाबद्दल कुणी विचारलं, तर मात्र त्या बोलतील.

आणि एक गोष्ट फक्त वेळापत्रकाची. प्रश्नावली भरवशाची आहे का, हे बघायला त्याच माणसांकडून साधारण दोन आठवड्यांनी ती पुन्हा भरून घेतात. बीडमधून दरवर्षी मोठ्या संख्येनं कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, सोबत तरुण पोरंपोरीही. पहिली फेरी दिवाळीच्या तोंडावर घेतली, तर दुसऱ्या फेरीला त्यातली बरीच नावं कोयता घेऊन फडावर पोचलेली असतील. केज, धारूर, वडवणीत हे काम करायचं तर दोन्ही फेऱ्या पावसाळ्यातच उरकाव्या लागतात.