काळ्या तेलाचा ताळेबंद

मेस्त्री बॉनेट उघडतात, डिपस्टिक ओढतात, टोकावरचे तेल अंगठा आणि तर्जनीत चोळून एकदा नाकाशी नेतात आणि निकाल देतात, ‘काळं झालंय साहेब, बदला.’ आपल्याकडच्या बहुतेक मोटारींच्या तेलाची तपासणी आजवर एवढीच होत आली आहे. ती अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. पेट्रोलचा वास, रेतीची कचकच, पाणी शिरल्यावर येणारा दुधट रंग, हे मुरलेल्या बोटांना आणि नाकाला कळते. पण काळेपणा हा काही दोष नव्हे. तेलात घातलेली डिटर्जंट द्रव्ये इंजिनातली काजळी धुऊन काढतात आणि तेलातच तरंगत ठेवतात, म्हणून ते काळे होते. धुण्याचे पाणी मळले म्हणून कोणी धोब्याला बोल लावत नाही.

या जळक्या तेलात इंजिनाची कुंडली लिहिलेली असते, हे पहिल्यांदा पद्धतशीरपणे वाचले ते रेल्वेवाल्यांनी. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेने १९४६ साली डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातले धातू मोजून आतली झीज ओळखून दाखवली. पुढे तिथल्या नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी हीच वाट धरली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही हे काम कितीतरी वर्षे चालत आले आहे. तत्त्व साधे आहे. तेलाचा नमुना अतिशय तापवला की त्यातली प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकते. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून यंत्र धातूचे प्रमाण सांगते, दहा लाखांत किती भाग अशा हिशेबाने. त्यालाच पीपीएम म्हणायचे. इंजिनात साडेतीन किलो तेल असेल आणि अहवालात लोखंड ४० पीपीएम आले, तर साऱ्या तेलात मिळून १४० मिलीग्रॅम लोखंड झाले. चिमटीतही जाणवणार नाही एवढे! पण ते कुठून आले, हे महत्त्वाचे.

लोखंड येते सिलिंडरच्या भिंती, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट यांच्यापासून. ॲल्युमिनियम बहुधा पिस्टनचे. क्रोमियम बहुधा रिंगांचे. शिसे, तांबे आणि कथील एकत्र वाढू लागले की बेअरिंगकडे बोट दाखवायचे. (देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधी तेलात उतरलेले शिसे बेअरिंगचे की पेट्रोलचे हे सांगणे अवघडच होते.) जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम ही नावे पाहून मात्र घाबरू नये. ती तेल बनवणाऱ्याने मुद्दाम घातलेली औषधे असतात. म्हणूनच त्याच डब्यातल्या कोऱ्या तेलाचा नमुनाही एकदा तपासून घ्यावा. मुळात किती होते हे ठाऊक नसेल, तर वाढले की घटले हे कशावरून ठरवणार?

सिलिकॉनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या रस्त्यांवर त्याला फार महत्त्व आहे. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ. सिलिकॉन वाढले आणि त्याच्या पाठोपाठ लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमही चढले, तर इंजिन धूळ खात आहे आणि ती धूळ पॉलिश पेपरसारखी आतून घासते आहे असे समजावे. मग एअर फिल्टर पाहावा. नुसता फिल्टर नाही, त्याच्या पुढचा रबरी पाइपही हाताने वाकवून पाहावा. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत त्याला घडीच्या आतल्या बाजूला हमखास भेगा पडलेल्या असतात. गॅरेजमध्ये फिल्टरला हवा मारून तोच परत बसवण्याची पद्धत आहे. तिच्यात वाचतात दोन-तीनशे रुपये आणि झिजते ते इंजिन. मात्र नुकतेच गॅस्केटचे काम झाले असेल आणि मेस्त्रींनी सिलिकॉनची पेस्ट सढळ हाताने लावली असेल, तर अहवालात सिलिकॉन त्या पेस्टचेही उतरते. अशा वेळी बाकीचे धातू शांत असतात.

पाण्याचे असेच. तेलात पाणी सापडले आणि सोबत सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेले असेल, तर कूलंट आत झिरपते आहे, हेड गॅस्केट संशयित. पण हे निदान कूलंट घालणाऱ्या देशांतल्या पुस्तकांचे. आपल्याकडे जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये सर्रास नळाचे पाणी भरतात, आणि त्या पाण्याची अशी खूण तेलात उमटत नाही. तेव्हा सोडियम नाही म्हणून निर्धास्त राहू नये, रेडिएटरची पातळी रोज सकाळी पाहावी. शिवाय पावसाळ्यात कोथरूडहून मंडईपर्यंत जाऊन परत येणारी गाडी पुरेशी तापतच नाही. तिच्या तेलात हवेतली वाफ आणि थोडे पेट्रोल साठत राहते. तेल पातळ होते. २०डब्ल्यू-४० प्रतीच्या तेलाची १०० अंश सेल्सिअसला दाटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असावी लागते. ती त्याखाली घसरली आणि फ्लॅश पॉइंटही उतरला, तर पेट्रोल मिसळले आहे. उपाय एवढाच की मधूनमधून गाडी तासभर महामार्गावर न्यावी.

आता मुख्य मुद्दा. जुन्या, भरपूर चाललेल्या गाडीचा अहवाल वाचताना पहिला प्रश्न धातूंचा विचारायचा नाही. मधल्या काळात वरून किती तेल ओतले, हे आधी विचारायचे. बँकेत मी पस्तीस वर्षे लोकांचे ताळेबंद वाचले. ३१ मार्चची ठेवींची रक्कम पाहून मॅनेजरला शाबासकी देणारे वरिष्ठ पाहिले, आणि तीच ठेव एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघून गेलेलीही पाहिली. तेल पिणाऱ्या इंजिनात दर महिन्याला ओतलेले नवे तेल हेच काम करते. धातू पातळ करते, औषधांचा साठा ताजा ठेवते, आणि आजारी इंजिनाचा अहवाल तब्येतदार दिसतो.

माझी गाडी १९९९ सालची. आरटीओची पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर पाच-पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घेतली आहे. एक लाख नव्वद हजार किलोमीटर झाले तेव्हा ती दर दीड हजार किलोमीटरला लीटरभर तेल पिऊ लागली. मेस्त्री म्हणाले, ‘रिंगा गेल्या साहेब. हाफ इंजिन करून टाकू.’ पेन्शनरच्या खिशाला हाफ इंजिन म्हणजे थट्टा नव्हे, आणि गाडीच्या आजच्या किमतीशी तो खर्च ताडून पाहिला तर भंगारवाल्याला फोन करावा असेच वाटते. नमुना तपासायला दिला. साडेचार हजार किलोमीटरमध्ये तीन लीटर तेल ओतलेले, इंजिनात मावते साडेतीन. अहवाल आला : लोखंड २१, क्रोमियम १, सिलिकॉन ८. लॅबने खाली छापलेल्या इशाऱ्याच्या आकड्यांपासून सगळे फार दूर.

पण २१ हा आकडा पातळ केलेला. जळालेल्या तेलाबरोबर त्यातले लोखंडही निघून गेले असे धरले, तर हिशेब ३१पर्यंत जातो. धातू मागेच राहिला असे धरले, तर २१च. सत्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. ३१ धरूनही झीज बेताचीच होती, आणि रिंगांचे क्रोमियम तर नावालाच. तेल जाते आहे, पण धातू फारसा झिजत नाही. मग दोनच वाटा उरल्या. काजळीने रिंगा अडकल्या असतील, नाहीतर व्हॉल्व्हची रबरी सील वाळली असतील. त्याचा निवाडा तेलाने केला नाही, धुराने केला. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल्फ मारला की निळा लोट, आणि ताम्हिणीचा उतार संपवून ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा निळा लोट. मधे काही नाही. ही सीलची लक्षणे. कॉम्प्रेशन तपासले, चारही सिलिंडर एकसारखे निघाले. खालचे इंजिन न उघडता सील बदलली, आणि त्या कामाला हाफ इंजिनच्या मानाने अगदी थोडे पैसे लागले. पुढच्या साडेचार हजार किलोमीटरमध्ये पाऊण लीटर तेल ओतावे लागले.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या अहवालात लोखंड आले २८! घरात खळबळ. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, काम करून उलट बिघडलं की!’ बिघडले काहीच नव्हते. वरचे तेल ओतणे थांबले, म्हणून आकड्यावरचा पडदा सरकला होता. पहिल्या हिशेबातून ३१ धरून, पाऊण लीटरचे पातळ होणे वजा केले, तर २८च येतात. म्हणजे इंजिन झिजत होते तेवढेच झिजत आहे.

ज्यांना हा उद्योग करून पाहायचा आहे, त्यांनी तेल गरम असतानाच नमुना घ्यावा. पहिली धार सोडून द्यावी, मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत धरावी. बाटलीवर गाडीचे किलोमीटर, तेलाचे किलोमीटर, तेलाचे नाव आणि ओतलेले लीटर लिहावे. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी वरून तेल घालू नये. एका अहवालावरून इंजिन खोलू नये आणि एका अहवालावरून निश्चिंतही होऊ नये. निदान तीन तरी हवेत.

आणि यंत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सुमारे आठ-दहा मायक्रॉनहून मोठे कण त्याला नीटसे दिसत नाहीत. झीज कळते, तुकडा उडाला तर तो कळतोच असे नाही. त्यासाठी जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहावा, चकाकते काय ते डोळ्यांना दिसते. टायमिंग बेल्टबद्दल तर तेल अक्षरही बोलत नाही. माझ्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला, ते मी डायरीत शोधून ठेवले आहे, आणि पुढच्या महिन्यात तो बदलायला मेस्त्रींकडे गाडी द्यायची आहे.