गोळीतले औषध पेशीत ‘पुरे’ होते

एचआयव्हीविरुद्ध मान्यता मिळालेले पहिले औषध म्हणजे झिडोव्ह्युडीन, अर्थात एझेडटी. १९६४ साली जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कर्करोगासाठी तयार केले होते. तिथे त्याचा उपयोग झाला नाही. १९८७ साली अमेरिकेत ते एड्सच्या रुग्णांना मिळू लागले. मात्र आपण गिळतो त्या रूपात एझेडटी विषाणूला रोखू शकत नाही. त्याला कार्यक्षम बनवतात ती आपल्याच पेशीतील विकरे. ती कशी?

डीएनएच्या साखळीत प्रत्येक मणी ओवला जाण्यापूर्वी त्याला तीन फॉस्फेट गट जोडलेले असावे लागतात. एझेडटी हा थायमिडीनचा तोतया आहे. पुढचा मणी जिथे जोडला जातो, तिथे त्यात हायड्रॉक्सिलऐवजी अझाइड गट असतो. विषाणूचे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर फसून हा मणी ओवते आणि साखळी तिथेच खुंटते.

पण आधी तीन फॉस्फेट हवेत! एचआयव्हीकडे त्यासाठी स्वतःचे विकर नाही. पहिला फॉस्फेट पेशीतील थायमिडीन कायनेज जोडते, दुसरा थायमिडिलेट कायनेज आणि तिसरा न्यूक्लिओसाइड डायफॉस्फेट कायनेज. यांपैकी पहिली पायरी सहज पार पडते. दुसऱ्या विकराला मात्र हा तोतया नीट हाताळता येत नाही. घाटातल्या अरुंद वळणावर गाड्या तुंबाव्यात, तसा एक फॉस्फेट असलेला एझेडटी पेशीत साचतो आणि तीन फॉस्फेटांचा थोडाच तयार होतो.

म्हणजेच मात्रा दुप्पट केली, तरी परिणाम दुप्पट होईलच असे नाही. सुरुवातीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम एझेडटी देत. त्यामुळे अनेकांना तीव्र रक्तक्षय होई. निम्मी मात्राही तितकीच उपयोगी पडते असे चाचण्यांत दिसल्यावर १९९० साली ती ६०० मिलिग्रॅमवर आणली गेली.

मग तिन्ही फॉस्फेट जोडूनच औषध का देऊ नये? फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीचे आवरण स्निग्ध. असा भारित रेणू आत शिरू शकत नाही. २००१ साली आलेल्या टेनोफोव्हिरमध्ये यावर तोड काढली गेली. त्याच्या रेणूत फॉस्फेटसारखा एक गट आधीच असतो आणि गोळीत त्याचा भार रासायनिक आवरणाने झाकलेला असतो. त्यामुळे पहिली पायरी टळते. उरलेल्या दोन पायऱ्या मात्र पेशीच्याच विकरांना पार पाडाव्या लागतात.

विकरांचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. सर्वांत मंद पायरीच साऱ्या प्रक्रियेचा वेग ठरवते, हे विद्यार्थ्यांना त्यातून चटकन उमगेल.