क्लाउडवर बॅकअप घेताय? फाइल्सच्या मूळ तारखा जपा!

क्लाउडवरून उतरवलेल्या जुन्या फाइल्सवर आजचीच तारीख दिसते? कारण साधं आहे.

'शेवटचा बदल कधी झाला' ही नोंद फाइलच्या आत नसते, ती कॉम्प्युटरची फाइल सिस्टीम ठेवते. ब्राउझरमधून डाउनलोड केलं की सहसा नवी तारीख पडते. कॅमेऱ्याची 'एक्झिफ' तारीख मात्र फोटोतच साठवलेली असते. म्हणून खरा धोका स्कॅन केलेल्या कागदपत्रांना आणि साध्या टेक्स्ट फाइल्सना.

🔹 'आरक्लोन' हे मोफत टूल वापरा. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्सवर कॉपी करताना ते बदलाची तारीखही सोबत नेतं.
🔹 सोपा मार्ग हवा? फोल्डर झिप करून चढवा. आतल्या तारखा टिकतात.
🔹 गूगल टेकआउटमधून फोटो घेतले तर सोबतच्या जेसन फाइल्स डिलीट करू नका. फोटो काढल्याची वेळ त्यांत असते.
🔹 फोटोंच्या फाइल-तारखा बिघडल्याच, तर 'एक्झिफटूल' त्या एक्झिफवरून पुन्हा लावून देतं.

सगळा डेटा चढवण्याआधी चार-पाच फाइल्स वर पाठवून परत उतरवून बघा. तारखा जुळल्या तरच पुढे जा, आणि तोवर मूळ प्रतीला हात लावू नका!