काशीहून गंगाजळ आणताय? एक चित्रही आणा!

काशीला गेलात तर पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी घाटावर नक्की जा. पेशव्यांशी नातं सांगणारा हा घाट. इथल्याच बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करत. बनारसच्या घाटांनी चित्रकारांनाही कायम खेचून आणलंय. १९६०च्या सुमारास रामकुमार आणि हुसेन इथे रेखाटनं करायला आले होते. आजही स्केचबुक घेऊन बसलेले स्थानिक चित्रकार तुम्हाला दिसतील. त्यांच्याकडून घाटाचं एखादं मूळ चित्र घ्या ना! छापील पोस्टर स्वस्त पडतं, मान्य. पण तेच पोस्टर शेजारच्यांच्याही भिंतीवर असतं आणि त्याचे पैसे चित्रकारापर्यंत पोहोचतीलच असं नाही.

मूळ चित्र ओळखायचं कसं? मोबाइलचा कॅमेरा झूम करा. छापील प्रतीत बहुधा बारीक ठिपके दिसतात. जलरंगात कडेला साचलेला रंग, कधी खालची पेन्सिलची रेघही दिसते. चित्रामागे सही आणि तारीख घ्या. बजेट कमी असेल तर पोस्टकार्डाएवढं रेखाटनही छान. घासाघीस मात्र बेतानं, ती काही कोथिंबिरीची जुडी नाही!

काशीचा योग नसेल तर मुंबईत जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार भेटतात.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट हवाच, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. ओल येणारी भिंत आणि थेट ऊन टाळा. देवघराशेजारी लावायचं की हॉलमध्ये, हे आजीला ठरवू द्या.