पगार काउन्सिलचा, पाठीराखा कोणाचा?

ज्याला स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही त्याच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे, हे तत्त्व मान्य करायला कोणाचीच हरकत नसते. शासनाची नसते, सेवाभावी संस्थांची नसते, न्यायालयांची तर नाहीच नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या प्रश्नावर. हा बोलणारा माणूस नेमणार कोण? त्याचा पगार देणार कोण? आणि पगार देणाऱ्याविरुद्धच तोंड उघडण्याची वेळ आली, तर तो तोंड उघडणार काय? राखीव जागेवरचा प्रतिनिधी कोणाच्या मतांवर निवडून येतो आणि नंतर कोणाची भाषा बोलतो, याचा अनुभव चळवळीने १९३२ नंतर पुरेपूर घेतला आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्य संस्थांपुढे, म्हणजे तेथील काउन्सिलपुढे, हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे आणि त्यातून आपण घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी परिस्थिती समजून घेऊ. एक वृद्ध बाई आहे. स्मृतिभ्रंशाने तिला कालचे आज आठवत नाही. जवळचे कोणी नाही. तिने स्वतःच्या घरात राहायचे की वृद्धांच्या निवासगृहात जायचे, हे ठरायचे आहे. इंग्लंडमध्ये तिच्या गरजांचे मूल्यमापन करणार काउन्सिलचा अधिकारी. तिला किती तासांची मदत मिळावी हे ठरवणार काउन्सिल. त्या मदतीचा खर्च उचलणार तेही बहुतांशी काउन्सिलच. तपासणारा, ठरवणारा आणि पैसे मोजणारा एकच. अशा वेळी "मला माझ्या घरी राहायचे आहे" हे त्या बाईचे तुटकतुटक वाक्य कागदावर कोण आणणार?

यासाठी तेथील कायद्याने स्वतंत्र ॲडव्होकेट देण्याची तरतूद केली. ॲडव्होकेट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो. हा तो नव्हे. तो न्यायालयात युक्तिवाद करीत नाही. तो त्या माणसाला भेटतो, त्याला काय हवे आहे ते समजून घेतो, बैठकीत त्याच्या शेजारी बसतो, कायद्याने दिलेल्या मर्यादेत त्याची कागदपत्रे पाहतो आणि निर्णय चुकीचा वाटला तर तसे सांगतो. माणूस बोलू शकत नसेल, तर त्याचे वागणे, त्याच्या सवयी, त्याचा भूतकाळ यांवरून त्याचे हक्क आणि कल यांची बाजू मांडतो. त्याला आपण पाठीराखा म्हणू.

हा हक्क दयेतून आलेला नाही, अन्यायातून आलेला आहे. १९९७ च्या जुलैमध्ये सरे परगण्यातील बोर्नवुड रुग्णालयात एका स्वमग्न, बोलू न शकणाऱ्या प्रौढाला दाखल करण्यात आले. न्यायालयीन कागदपत्रांत त्याचा उल्लेख एच. एल. असा आहे. ज्या कुटुंबाबरोबर तो काही वर्षे राहत होता, त्यांना सुरुवातीला त्याला भेटूही दिले नाही. कोणत्याही आदेशाशिवाय त्याला महिनोन्‌महिने ठेवले गेले. कारण काय, तर त्याने विरोध केला नाही! ज्याला बोलताच येत नाही त्याच्या मौनाला संमती समजले गेले. मौनाचा असा अर्थ लावणे आपल्या समाजव्यवस्थेलाही चांगलेच अवगत आहे. १९९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने रुग्णालयाची बाजू उचलून धरली. पण ५ ऑक्टोबर २००४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग असल्याचा निर्णय दिला.

त्यानंतर तरतुदी येत गेल्या. निर्णयक्षमतेसंबंधीच्या २००५ च्या कायद्याने, ज्याला जवळचे कोणी नाही आणि निर्णयक्षमताही नाही, त्याच्यासाठी मोठे वैद्यकीय उपचार आणि निवास बदलण्याच्या प्रसंगी पाठीराखा आवश्यक केला. इंग्लंडमध्ये ही सेवा एप्रिल २००७ मध्ये सुरू झाली. मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल केलेल्या रुग्णांसाठी एप्रिल २००९ पासून अशीच सोय झाली. पुढे केअर ॲक्ट २०१४ ची कलमे ६७ आणि ६८ ही १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली. माहिती समजणे, लक्षात ठेवणे, तिचा विचार करणे किंवा आपले मत सांगणे यांत ज्याला लक्षणीय अडचण आहे आणि ज्याच्या बाजूने उभे राहणारे योग्य माणूस नाही, त्याला मूल्यमापनात, नियोजनात आणि छळाच्या चौकशीतही पाठीराखा द्यावा लागतो. ही सेवा मिळवून देण्याची जबाबदारी कोणावर? काउन्सिलवर. इंग्लंडमध्ये अशा दीडशेहून अधिक काउन्सिल आहेत आणि त्या ही सेवा बहुधा निविदा काढून संस्थांकडून विकत घेतात.

येथे खरी मेख आहे. ज्याच्या निर्णयावर बोट ठेवायचे, तोच निविदा काढतो, तोच दर ठरवतो, तोच तीन-पाच वर्षांनी कंत्राटाचे नूतनीकरण करायचे की नाही हे ठरवतो. एवढेच नव्हे, तर कोणाला पाठीराख्याची गरज आहे आणि घरातला पुतण्या "योग्य माणूस" आहे की नाही, हेही आधी काउन्सिलचाच अधिकारी ठरवतो. मग त्या पुतण्याचा डोळा म्हातारीच्या घरावर का असेना!

२०१४ च्या नियमांत काही बंधने आहेत हे मान्य केले पाहिजे. पाठीराखा काउन्सिलचा नोकर असता कामा नये. माणसाला निर्णयाला आव्हान द्यायचे असेल, तर पाठीराख्याने मदत केली पाहिजे. त्याने लेखी हरकत दिली, तर काउन्सिलने लेखी उत्तर दिले पाहिजे. परंतु नोकर नसणे वेगळे आणि मिंधे नसणे वेगळे. वकिलाच्या पाठीशी निदान त्याची सनद असते, व्यवसायाची आचारसंहिता असते, अशिलाशी इमान राखण्याचे बंधन असते. शासनाच्या पैशातून विधी साहाय्य देणारा वकील शासनाविरुद्ध उभा राहतो तो या बळावर. इंग्लंडमधील पाठीराख्यासाठी अशी कायद्याने स्थापन झालेली सनद देणारी परिषद नाही. गुणवत्तेचे प्रमाणपत्र आहे, पण ते ऐच्छिक. म्हणजे त्याच्या पाठीशी उभा राहतो तो मुख्यतः एकच कागद: कंत्राट. म्हणूनच ते कंत्राट कसे लिहिले जाते, ही कारकुनी बाब नाही. दुर्बलाचा हक्क जिवंत राहतो की मरतो, ते तेथे ठरते.

कंत्राट कसे मारते ते पाहा. निविदेत सर्वात स्वस्त दराला जास्त गुण दिले, की संस्था पगार कमी करतात आणि एकेका कार्यकर्त्यावर माणसे लादतात. प्रत्येक प्रकरणाला ठरावीक तास बांधून दिले, की न बोलणाऱ्या माणसाला ओळखायला लागणारा वेळ शिल्लकच राहत नाही. किती प्रकरणे "बंद" झाली एवढेच मोजले, की प्रकरण लवकर बंद करणारा पाठीराखा गुणी ठरतो आणि चिवटपणे भांडणारा आळशी ठरतो. बाहेर कोणाशी बोलायचे नाही असे कलम घातले, की उरलीसुरली धारही जाते. कोणी उघडपणे "आमच्याविरुद्ध बोलू नका" असे सांगत नाही. सांगावे लागतच नाही.

आणि सेवाच दिली नाही तर? लंडनमधील हॅरिंगे काउन्सिलचे २०१५ चे प्रकरण बोलके आहे. अत्याचार सोसून आलेल्या, गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या एका अफगाण आश्रयार्थी स्त्रीचे मूल्यमापन पाठीराखा न देताच उरकण्यात आले. उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवले. कायदा लागू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. पण तिला न्यायालयापर्यंत पोहोचता आले म्हणून हे कळले. जे पोहोचत नाहीत त्यांचे काय?

जे पोहोचत नाहीत ते कोण, याचे उत्तर आपल्याला ओळखीचे वाटेल. सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मनोरुग्णांसाठीच्या या सेवेचा अभ्यास केला. ज्यांना पाठीराख्याची सर्वाधिक गरज तेच त्याच्यापासून सर्वात दूर आणि कृष्णवर्णीय व अल्पसंख्य समाजांची गरज भागत नाही, असे त्यांना आढळले. मानसिक आरोग्य कायद्याचा फेरविचार करणाऱ्या २०१८ च्या स्वतंत्र समितीपुढे आलेल्या आकडेवारीनुसार, सक्तीने दाखल होण्याचे कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांच्या चौपटीहून जास्त होते. त्या समितीने माणसाची संस्कृती जाणणारे पाठीराखे असावेत, अशी शिफारस केली. याचा कंत्राटाशी थेट संबंध आहे. सगळे काम एकाच मोठ्या संस्थेला स्वस्तात दिले, की वस्तीतली, त्या समाजातून उभी राहिलेली छोटी संस्था निविदेच्या अटींतच गारद होते.

मग पैसे काउन्सिलने देऊच नयेत काय? ही पळवाट आहे. पैसे धर्मादाय देणग्यांतून आले, तर हक्काची पुन्हा भीक होईल. पैसा सार्वजनिकच हवा, पण पैशाबरोबर येणारी दोरी कापली पाहिजे. येथे एक बारकावा आहे. सक्तीने दाखल केलेल्या मनोरुग्णांच्या पाठीराख्यांची जबाबदारी २०१३ मध्ये आरोग्य यंत्रणेकडून काउन्सिलकडे गेली. रुग्णाचे भांडण रुग्णालयाशी असेल, तर पैसे देणारा वेगळा असणे फायद्याचेच. पण ज्याचे भांडण काउन्सिलशीच आहे, त्याच्याबाबतीत दोरी तशीच राहते. म्हणून कंत्राटातच लिहिले पाहिजे की, काउन्सिलविरुद्ध तक्रार करण्यास किंवा प्रकरण वकिलाकडे नेण्यास मदत केल्याबद्दल संस्थेला तोटा होणार नाही. तासांची मर्यादा माणसाच्या गरजेनुसार वाढेल. हरकती किती घेतल्या आणि त्यांतून काय बदलले, हेही मोजले जाईल. ही सेवा वापरलेली माणसे निविदा ठरवताना टेबलावर असतील. तेथील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्था नाइस हिने नोव्हेंबर २०२२ मध्ये या सेवेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही सेवा स्वतंत्र असण्यावर भर आहे. सूचना मात्र सूचनाच असतात. कंत्राटात उतरल्या तरच त्यांना दात येतात.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे हा प्रश्न नाही असे नाही, तो नीट विचारलाच गेलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ ने प्रत्येक प्रौढाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. चांगली गोष्ट. पण ज्याला कोणीच नाही त्याचे काय? क्रमाने खाली येत शेवटी त्याचा प्रतिनिधी होतो समाजकल्याण विभागाचा संचालक किंवा त्याने नेमलेला माणूस. मंडळाची नेमणूक होईपर्यंत तात्पुरते काम संस्थेच्या कार्यकर्त्याने करावे, अशीही मुभा आहे. पण त्याला बोलावणार कोण? तेच मानसिक आरोग्य केंद्र, ज्याच्याविरुद्ध कदाचित बोलायचे आहे! ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचे तेच. कलम १७ ने न्यायाधिकरणापुढे वकिलाला मज्जाव केला. त्या मनाईची वैधता पुढे न्यायालयांतही तपासली गेली. कलम १८ ने इच्छा असल्यास आईवडिलांची बाजू मांडण्याचे काम दिले ते निर्वाह अधिकाऱ्याला, म्हणजे पुन्हा समाजकल्याण खात्याच्याच अधिकाऱ्याला. मुलाविरुद्ध तो कदाचित बोलेलही. खात्याविरुद्ध कसा बोलणार?

इंग्लंडने निदान पाठीराखा काउन्सिलच्या कचेरीबाहेरचा असावा एवढे तरी कायद्यात लिहिले. आपण अजून तेथेही पोहोचलेलो नाही. पण साधने आपल्या हातात आहेत. राज्यघटनेचे कलम ३९-अ आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ आहे, ज्यात अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, अपंग आणि मनोरुग्णालयात ठेवलेली माणसे यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम २७ हाच हक्क मनोरुग्णाला पुन्हा देते. शिवाय महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांना आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्या निधीतून काय झाले, हे आपापल्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत किती कार्यकर्ते विचारतात? त्यातील काही वाटा स्वतंत्र पाठीराख्यांसाठी ठेवा, नेमणुकीचे आणि देखरेखीचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्या आणि पैसे देणारा व नेमणारा वेगळा ठेवा, ही मागणी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही ज्यांना न्यायला कोणी येत नाही, अशी माणसे आपल्या मनोरुग्णालयांतून आहेत. त्यांची जात कोणती, वस्ती कोणती, हे कोणी वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी १९२० मध्ये पहिले पाक्षिक काढले, तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. मुक्यांचा नायक कोणाच्या ताटाखालचा असून चालत नाही. म्हणून उद्या कोणी प्रतिनिधी नेमल्याची बातमी घेऊन आले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: याला नेमले कोणी? आणि याला काढू शकतो कोण?