इगर्जीचे दार पुन्हा उघडताना

गोव्याच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दिवसाचे प्रहर घड्याळाकडे न पाहताही कळत असतात. पहाटेची देवळातील घंटा, दुपारी बारा वाजता इगर्जीची घंटा आणि दिवेलागणीला पुन्हा दोन्हीकडचा नाद. चर्चला आमच्याकडे इगर्ज म्हणतात, हे आमच्या दूरदूरच्या वाचकांना सांगावयास हवे. सन २०२०च्या मार्च महिन्यात ही घंटा वाजत राहिली, पण इगर्जीचे दार मात्र बंद झाले. घंटा बोलावते आहे आणि दार नको म्हणते आहे, असा विपरीत अनुभव आमच्या आठवणीत तरी पूर्वी कधी आला नव्हता.

आता त्या गोष्टीला काही वर्षे लोटली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. मुखपट्ट्या कपाटाच्या तळाशी गेल्या. तथापि बंद दार पुन्हा कसे उघडले, ते उघडताना कोणकोणते विचार करावे लागले आणि उघडल्यावर आत कोण आले, कोण आले नाही, याची नोंद कोठेतरी व्हावी असे आम्हांस वाटते. ही कथा आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची असली, तरी ती सर्वांनाच काही शिकविणारी आहे.

बंद दारामागचा पवित्र आठवडा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे लोकांसाठी बंद करण्यात आली आणि अंत्यसंस्काराला वीसहून अधिक माणसे जमू नयेत असा नियम झाला. अवघ्या काही दिवसांवर ख्रिस्ती लोकांचा पवित्र आठवडा येऊन ठेपला होता. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा गुड फ्रायडे आणि १२ एप्रिलचा ईस्टर हे तिन्ही दिवस बंद दारामागे गेले. रोमहून आलेल्या आदेशानुसार गुरुवारचा पाय धुण्याचा विधी त्या वर्षी वगळण्यात आला, आणि शुक्रवारी क्रूसाचे चुंबन घ्यावयाचे ते केवळ विधी चालविणाऱ्या धर्मगुरूनेच, असे ठरले. त्याआधी २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या रिकाम्या चौकात एकटे प्रार्थना करीत असल्याचे दृश्य जगाने पाहिले होते.

आमच्या वाड्यावर ऐंशी उलटलेल्या एक ख्रिस्ती शेजारीण आहेत. सारा वाडा त्यांना शामाय म्हणतो. शामाय म्हणजे आजी. रोज सकाळच्या मिशेला जाण्याचा त्यांचा नेम पावसाळ्यातही चुकत नसे. त्या आठवड्यात नातवाने त्यांना मोबाइलवर मीस लावून दिली. नंतर आम्ही विचारले, “शामाय, दिसली ना मीस नीट?” त्या म्हणाल्या, “दिसली रे बाबा. पण माझ्या बाजूला कोणी नव्हते.” या एका वाक्यात त्या काळाची सगळी व्यथा आली असे आम्हांस आजही वाटते.

आणि ही व्यथा एका धर्मापुरती नव्हती. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला आणि शिरगावच्या लईराई देवीला गोमंतकीय माणूस सख्ख्या बहिणी मानतो. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात, हे येथे कोणालाच नवल वाटत नाही. त्या वर्षी सायबिणीचे फेस्त २७ एप्रिलला आले आणि वैशाख शुद्ध पंचमीची लईराईची जत्रा त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दोघी बहिणींचे उत्सव लागोपाठच्या दिवशी आले, आणि दोघींच्याही दारी भाविकांची गर्दी नव्हती.

मिलानचा जुना धडा

रोगापायी चर्चची दारे बंद होणे हे इतिहासात प्रथमच घडले असे मात्र नाही. सन १५७६ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्लेगचा कहर झाला. तेथील आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ हे पुढे १६१० मध्ये संतपदाला पोहोचले. लोकांना घरात कोंडून राहावे लागले, तेव्हा बोर्रोमेओंनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारल्या. लोकांनी आपापल्या खिडक्यांतून मीस पाहावी, अशी ती योजना होती. दिवसातून सात वेळा घंटा वाजे आणि घराघरांच्या खिडक्यांतून व दारांतून लोक एका सुरात प्रार्थना म्हणत. सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी शामायच्या हातातील मोबाइल हे त्या खिडकीचेच नवे रूप होते.

साथीने काय होऊ शकते, याची साक्ष तर आमच्याच भूमीत उभी आहे. जुने गोवे हे एके काळी पूर्वेकडील वैभवशाली नगर होते. वारंवार येणाऱ्या साथींनी ते हळूहळू ओस पडले आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा मान मिळाला. भव्य चर्चेस तेथेच राहिली. त्यांच्याभोवतीची वस्ती मात्र उठून गेली. दगडांची वास्तू टिकली म्हणजे समाज टिकला असे होत नाही, हे जुन्या गोव्याकडे पाहून ज्याला कळले नाही, त्याला ते कोठेच कळणार नाही.

एकेका कृतीचा फेरविचार

केंद्र सरकारने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळे उघडण्यास मुभा दिली. परंतु गोव्यातील चर्चेसनी लगेच दारे सताड उघडली नाहीत. काहींना हे भित्रेपणाचे वाटले. बाजार उघडतात, कचेऱ्या उघडतात, मग देवाचेच दार बंद का, असा प्रश्न त्या दिवसांत आमच्याही कानांवर आला. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर त्याहून रास्त होते. दुकानात माणूस जिन्नस घेतो आणि निघतो. प्रार्थनेला आलेला माणूस तासभर इतरांच्या सान्निध्यात बसतो, एका सुरात गातो, एकाच पात्रातील पाण्यात बोटे बुडवतो, शेजाऱ्याला शांतीची खूण म्हणून हात देतो. ज्या ज्या कृतींनी समाज एकमेकांच्या जवळ येतो, त्या त्या कृतींनीच हा रोगही जवळ येत होता. पेच होता तो येथेच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट येथील एका गायकवृंदाची तालीम १० मार्च २०२० रोजी चर्चच्या वास्तूत झाली. सुमारे अडीच तास ६१ माणसे एकत्र गात होती. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. गाताना तोंडावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि बंद जागेत ते इतरांच्या श्वासात जातात, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. आपल्याकडील सरकारी नियमांतही गायकवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित भक्तिगीते लावावीत, असे सुचविले होते. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात गायन म्हणजे केवळ पूजेची सजावट नव्हे. चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेल्या पिढ्यांनी हे संगीत जोपासले आहे. त्या समाजाला “या, पण गाऊ नका” असे सांगणे किती कठीण गेले असेल!

दारे उघडली ती अशी, एकेक पाऊल टाकीत. प्रवेशद्वाराजवळील आशीर्वादित पाण्याची पात्रे कोरडी ठेवली गेली. एका बाकावर जेथे सहा माणसे बसत, तेथे दोघांसाठी खुणा केल्या गेल्या. ख्रिस्तप्रसाद जिभेवर न देता तळहातावर देण्यात येऊ लागला. शांतीची खूण म्हणून हस्तांदोलनाऐवजी हात जोडून नमस्कार होऊ लागला. दाराशी नावे लिहून घेणारे आणि हातांवर औषधी द्रव घालणारे तरुण स्वयंसेवक उभे राहिले. प्रथम साऱ्यांचे लक्ष बाके पुसण्याकडे असे. हवेचे महत्त्व कळल्यावर खिडक्या उघड्या ठेवण्याकडे ते वळले. आमच्या जुन्या इगर्जींची उंच छपरे आणि बाजूची मोठी दारे या कामी उपयोगी पडली.

मात्र या नियमांत एक बोचरी गोष्ट होती. पासष्ट वर्षांवरील माणसांनी घरीच थांबावे, असा सल्ला त्यांत होता. वैद्यकीय दृष्ट्या तो योग्यच होता. परंतु वर्षानुवर्षे ज्यांनी रोजची मीस चुकविली नाही, त्यांच्यासाठी दार उघडूनही उघडले नाही. शामाय आपल्या बाल्कांवात बसून मिशेला जाणाऱ्या मुलाबाळांकडे पाहत. बाल्कांव म्हणजे आमच्या घरापुढील बैठकीचा ओटा.

पुन्हा मिटलेली दारे

२०२० सालचे ३ डिसेंबरचे फेस्त, म्हणजे गोंयच्या सायबाचे, संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, भाविकांनी घरी बसून पडद्यावर पाहिले. बेळगाव, खानापूर, कारवार आणि सिंधुदुर्गाकडून पायी येणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटा त्या वर्षी सुन्या राहिल्या. फेस्तांच्या फेरीवर वर्षाची मिळकत अवलंबून असलेल्या खाजेविक्यांचेही फार हाल झाले. त्यांत हिंदू कुटुंबे पुष्कळ आहेत.

जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले आणि आता संकट सरले असे वाटू लागले. त्या वर्षी ४ एप्रिलला ईस्टर आला, तेव्हा लोकांच्या मनात आशा होती. तोच दुसरी लाट आली. जेमतेम साडेचौदा लाख लोकसंख्येच्या या राज्यात मे महिन्यात एकेका दिवशी सत्तरहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. उघडलेली दारे पुन्हा मिटली. साथीच्या एकूण काळात गोव्याने सुमारे चार हजार माणसे गमावली. ही माणसे प्रत्येक वाड्यावरची, प्रत्येक बाकावरची होती.

त्या मे महिन्यात शामायचे धाकटे भाऊ गेले. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात मृत्यू हा साऱ्या वाड्याचा प्रसंग असतो. घंटा विशिष्ट लयीत वाजते, लोक घरी जमतात, दफनानंतर सातव्या दिवशी आणि महिन्याने मीस होते. त्यांपैकी काहीही झाले नाही. चार माणसांनी पेटी उतरविली आणि बहिणीला तिच्या भावाचे मुखदर्शनही झाले नाही. आम्ही शेजारी फाटकाशी उभे राहून परतलो. आत जाता आले नाही याची रुखरुख आमच्या मनातून अजून गेलेली नाही.

रिकाम्या जागेची विचारपूस

पुढे हळूहळू दिवस पालटले. डिसेंबर २०२२ मध्ये सायबाच्या फेस्ताला जुन्या गोव्यात पुन्हा जनसागर लोटला. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात, दर दहा वर्षांनी होणारे संताच्या पवित्र अवशेषांचे दर्शन नेहमीप्रमाणे पार पडले आणि लाखो भाविक रांगेत उभे राहिले. गाणे परत आले. मे महिन्यात वाटेवरच्या क्रूसांसमोर लदीन होऊ लागले आणि प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे पुन्हा हातोहात वाटले जाऊ लागले.

पण सगळे परत आले का? ज्यांची सवय मोडली ते काहीजण परत आले नाहीत. काहींना मोबाइलवरची मीस सोयीची वाटू लागली. काही वृद्धांच्या पायांतील बळ त्या दोन वर्षांत गेले. आणि काही बाकांवरची माणसे तर या जगातच राहिली नाहीत. केवळ गर्दी मोजणाऱ्याला या रिकाम्या जागा दिसत नाहीत.

शामाय प्रथम इगर्जीत गेल्या त्या दार उघडल्यावर कितीतरी महिन्यांनी. तोवर त्यांच्यासाठी इगर्जच घरी येत होती. वाड्यावरचे तरुण त्यांची विचारपूस करीत, औषधे आणून देत, आणि धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेऊन येत. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याची प्रथा जुनीच आहे. साथीने ती विसरू दिली नाही, इतकेच. भावासाठी राहून गेलेली मीसही त्यांनी उशिराने का होईना, सांगितली. त्या दिवशी आम्ही सारे शेजारी मागच्या बाकांवर बसलो होतो. हिंदू होतो म्हणून कोणी मागे बसविले नव्हते. उशिरा पोहोचलो एवढेच कारण. फाटकाशी थांबलेली आमची पावले त्या दिवशी आत गेली.

दार उघडणे ही एका दिवसाची गोष्ट नसते, हे या वर्षांनी आम्हांस शिकविले. सावधपणे उघडणे म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. जो सर्वांत दुर्बल आहे त्याच्या चालीने सर्वांनी चालणे, असा त्याचा अर्थ आहे. आणि दार उघडल्यावरचे पहिले काम आत येणाऱ्यांची संख्या मोजणे हे नसून, न आलेल्यांच्या घरी जाणे हे आहे. चर्च असो, देऊळ असो वा परमुलखातील आपले एखादे मराठी मंडळ असो, सर्वांना हे सारखेच लागू आहे. वाचकहो, साथीपूर्वी आपल्या शेजारी बसणारे जे माणूस अलीकडे दिसत नाही, त्याच्या घरी या रविवारी एक फेरी अवश्य मारा. शामायच्या बाजूला आता कोणीतरी बसलेले असते. तसे ते सर्वांच्याच बाजूला असावे.